गुरुवारची मंडळी

आमच्याकडे सुट्टीचा वार गुरुवार. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत बहुतेक कंपन्या गुरुवारी बंद असतात. वीजवालेही दुरुस्तीसाठी तोच दिवस धरतात आणि आठवड्याचे साठलेले कपडे बायका त्याच दिवशी धुतात. रविवार हा इथल्या कामगाराचा कामाचा दिवस. मग ख्रिस्ती कामगारानं काय करायचं? प्रभूचा दिवस रविवार आणि कंपनीचाही रविवारच.

यावर आमच्या मंडळीनं एक तोडगा काढला होता. चिंचवडच्या चर्चमध्ये रविवारची उपासना व्हायची तशी व्हायची, आणि गुरुवारी सकाळी चिखलीत एका वर्कशॉपच्या वरच्या हॉलमध्ये दुसरी उपासना व्हायची. खाली लेथ मशिनं, बाजूनं लोखंडी जिना, वर पत्र्याचं छप्पर. येणारे बहुतेक जालना, बीड, नगरकडून कामाला आलेले. कंत्राटी मुलं, नुकती लग्नं झालेली जोडपी आणि त्यांच्यासोबत गावाहून आलेले म्हातारे आईबाप.

मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत डिस्पॅच बघते. राहायला रहाटणीत. रविवारी मी दुसरी पाळी मागून घेतलेली असल्यामुळे सकाळी चिंचवडला जाता येतं आणि गुरुवारी चिखलीला. मंडळीच्या पंच कमिटीची मी सेक्रेटरी. हे पद मला कुणी मोठ्या प्रेमानं दिलेलं नाही. सभेचं इतिवृत्त वेळेवर लिहिणारं दुसरं कुणी सापडलं नाही, इतकंच.

ही गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची. तेव्हा जे पाळक आमच्याकडे होते, ते बदली होऊन आले त्या दिवशी मी घरी येऊन म्हटलं होतं, हा माणूस चालायचा नाही. आमच्या शहरात पुढारी म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभा असलेला भाऊ नाहीतर दादा. चर्चवाल्यांनाही ती सवय लागलीय. नाताळ आला की शुभेच्छांच्या फ्लेक्सवर तारणाऱ्यापेक्षा पंचांचे फोटो मोठे. या पाळकांनी पहिल्याच नाताळला स्वतःचा फोटो काढायला नकार दिला. फोटोत चांगला दिसत नाही, हे कारण सांगितलं. ते खरंही होतं. आवाज बारीक, चाल बेताची, आणि कुणी वरच्या पट्टीत बोललं की हे ऐकून घ्यायचे. मला टेबलावर हात आपटणारा माणूस हवा होता.

चिखलीत मात्र ते वेगळे वाटायचे. तिथं लोक प्रवचन मधेच थांबवायचे. "साहेब, पण बायबलातल्या त्या उधळ्या पोराच्या थोरल्या भावाचं काय चुकलं?" असं एखादा पोरगा उठून विचारायचा. पाळकसाहेब चष्मा काढून विचार करायचे आणि कधी कधी सरळ म्हणायचे, "मला नीट माहीत नाही. पुढच्या गुरुवारी सांगतो." आणि पुढच्या गुरुवारी आठवणीनं सांगायचे.

एका गुरुवारी उपासना संपल्यावर मी सतरंज्या गोळा करत होते. जालन्याकडचे एक आजोबा जिन्याजवळ पाळकसाहेबांची वाट बघत उभे होते. मुलगा फोर्कलिफ्ट चालवायचा, सून एका कंपनीच्या कँटीनमध्ये होती. आजोबा नातवंडं सांभाळायचे आणि गुरुवार कधी चुकवायचे नाहीत.

"साहेब, एक इचारू का?" आजोबा म्हणाले. "माझी माती कुठं व्हायची?"

पाळकसाहेबांना वाटलं, आजोबांची तब्येत बिघडलीय. "काय होतंय? दवाखान्यात जाऊन आलात का?"

"काही होत न्हाई. ठणठणीत हाय. पण कधी ना कधी व्हईलच ना? गावाकडं भावकी आमाला धरत न्हाई, रान इकून टाकलं. पोरगं इथं, नातवंडं इथं. ईस्टरच्या पहाटे समदे आपापल्या माणसाच्या कबरीवर फुलं घालतात. माझ्यासाठी ही पोरं जालन्याला जातील व्हय?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, कारण नियम मला पाठ होते. शहराच्या ख्रिस्ती दफनभूमीत आमच्या मंडळीला एक कोपरा मिळालेला आहे. कोपरा लहान, माणसं वाढलेली. म्हणून जुन्या पंचांनी नियम केला होता की जो सभासद चर्चमध्ये नेमानं प्रभुभोजन घेतो, त्यालाच तिथं जागा. मी तो आजोबांना जसाच्या तसा सांगितला. गोड बोलून फिरवाफिरव करणं मला जमत नाही.

"बरं," आजोबा म्हणाले. "मग गुरुवारी प्रभुभोजन कामून न्हाई?"

प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर म्हणून पावाचा तुकडा आणि प्याल्यातला घोट घेणं, महिन्याच्या पहिल्या रविवारी, चिंचवडला. पहिल्यापासून तसंच. मंडळी सुरू करणारे लोक शाळामास्तर, नर्सा आणि सरकारी कारखान्यातले. सगळ्यांना रविवारची सुट्टी. त्यांनी नियम केला तेव्हा त्यात काहीच वाकडं नव्हतं. पुढं चिखलीची उपासना सुरू झाली, गाणी गेली, प्रवचन गेलं, पेटी गेली, आणि भाकर आणि प्याला मात्र चिंचवडच्या कपाटात राहिले. कुणी मुद्दाम ठेवले नाहीत. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि रविवारी कामावर असणाऱ्या माणसाला नियमाप्रमाणे माती मिळणार नव्हती.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "आजोबा, पाळकासाठी तिथं एक जागा राखून ठेवलेली असते. माझी. ती तुम्ही घ्या. मी लिहून देतो."

आजोबा हसले. "नगं, साहेब. पाळकाच्या जागेवर निजलो तर लोक येऊन मलाच म्हणतील, आमच्यासाठी प्रार्थना करा. मला उसनी नगं. माझी पायजे."

जिना उतरताना पाळकसाहेब मला म्हणाले, "तीन वर्षं मी इथं येतोय ताई. मी एकदाही विचारलं नाही."

मी म्हटलं, "आता विचारू. पंच कमिटीत घेते विषय."

पंच कमिटीत खरं वजन होतं एका निवृत्त हेडमास्तरांचं. माणूस स्वच्छ, कडक आणि कायम चिडलेला. अर्ध्या मंडळीला त्यांनी शाळेत छडी मारलेली, त्यामुळे त्यांच्यापुढं मोठमोठ्या माणसांचाही आवाज बसायचा. मी तयारी करून गेले होते. नियमात दुरुस्ती कशी करायची, कोणत्या शब्दांत करायची, सगळं लिहून नेलं होतं, आणि आजोबांचा प्रश्न आधी वाचून दाखवला.

हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, ती गुरुवारची माणसं वाऱ्यावरची आहेत. आज चिखली, उद्या रांजणगावला चार पैसे जास्त मिळाले की तिकडं. त्यांच्यासाठी इथल्या जुन्या घरांनी जागा सोडायची?"

"मेलेला माणूस रांजणगावला जात नाही, सर," मी म्हटलं.

दोघेचौघे हसले. हेडमास्तर हसले नाहीत. "विनोद पुरे. कोपरा केवढा आहे ते माहीत आहे ना तुम्हाला? उद्या तुमच्या-माझ्या माणसाला जागा उरली नाही, तर उत्तर कोण देणार?"

ही भीती खोटी नव्हती, हे मान्य केलं पाहिजे. शहरात जिवंत माणसाला जागा मिळत नाही, तिथं मेलेल्याची काय कथा. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले आणि मला कळलं की मतदान घेतलं तर मी हरणार.

तेवढ्यात पाळकसाहेब उठले. मला वाटलं, आता तरी हा माणूस टेबलावर हात आपटेल.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "नियम म्हणतो, प्रभुभोजन घेणाऱ्याला जागा. ते द्यायचं काम माझं. मी ते त्या लोकांपर्यंत नेलं नाही. ते चुकले नाहीत, मी चुकलो."

हेडमास्तर खुर्चीत पुढं सरकले. "पाळकसाहेब, बसा खाली. पाळकानं असं कबूल करत सुटलं तर मंडळीत शिस्त काय राहील? लोक म्हणतील, यांनाच काही कळत नाही."

"म्हणू द्या, सर. पण माझी एक विनंती आहे. प्रभुभोजन द्यायला पाळकासोबत एक पंच लागतो. येत्या गुरुवारी मी चिखलीत ते देणार आहे. तुम्ही याल का माझ्यासोबत?"

हेडमास्तर चिखलीला एकदाही आलेले नव्हते. नाही म्हणावं तर प्रभूच्या मेजाला नाही म्हटल्यासारखं होणार.

"बघतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "किती वाजता?"

सभा संपल्यावर मी पाळकसाहेबांना बाहेर गाठलं. मला राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "त्यांनाच कशाला बोलावलंत? मी पंच आहे. बाकीचेही आहेत. ते येणार, चार चुका काढणार आणि पुढच्या सभेत त्याच आपल्या तोंडावर मारणार."

"तुम्ही दर आठवड्याला येता, ताई. तुम्हाला तिथं नवीन काय दिसणार?" ते म्हणाले. "आणि हो, हाताची खुर्ची मिळते का बघा एखादी. गुडघे दुखतात त्यांचे. सांगत नाहीत कुणाला."

याला हुशारी म्हणावं की साधेपणा, मला ठरवता येईना. खुर्ची मात्र मी मिळवली. खालच्या वर्कशॉपच्या मालकाची होती, फिरणारी. ती जिन्यावरून वर न्यायला दोन पोरं लागली.

गुरुवारी सकाळी मी घरून पावाचे तुकडे करून नेले. नेहमी जेवढी माणसं येतात तेवढे आणि वर थोडे. चिंचवडच्या कपाटातले प्याले स्कूटरच्या पुढं पिशवीत ठेवून सावकाश चालवत आणले. हॉलवर पोचले तर वीज गेलेली, पंखे बंद, पत्रा तापलेला. हेडमास्तर काळ्या कोटात खाली उभे होते आणि जिन्याकडं बघत होते. जिन्याला एकाच बाजूला कठडा होता, आणि तोही हलत होता.

पलीकडून आजोबा आले. त्यांनी हेडमास्तरांना पाहिलं, जिन्याला पाहिलं.

"मास्तर, गुडघे गेलेत वाटतं तुमचे बी?"

हेडमास्तरांनी कठडा हलवून पाहिला.

"असं करू. तुमी मला धरा, मी तुमाला धरतो. पडलो तर दोघं एकाच खड्ड्यात. जागेची कटकटच मिटंल!"

मागं रांगेत उभी असलेली पोरं फिदीफिदी हसली. हेडमास्तरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "हेच का ते?" त्यांनी विचारलं.

"हेच," मी म्हटलं.

त्यांनी आजोबांचा दंड धरला आणि दोघं वर चढले. मधे एकदा थांबले. दोघांपैकी कुणाला दम लागला होता ते मला खालून दिसलं नाही.

वर गर्दी होती. गुरुवारी प्रभुभोजन आहे ही बातमी चाळींतून, मेसमधून फिरली होती. कधी न आलेली माणसंही आली होती. काहींनी इस्त्रीचे कपडे घातलेले, एक बाई तर लग्नातली साडी नेसून आलेली. हेडमास्तर फिरत्या खुर्चीत बसले आणि खुर्ची जरा फिरली तशी त्यांनी पाय घट्ट रोवले.

पाळकसाहेबांनी भाकरीवर आणि प्याल्यांवर प्रार्थना केली. आमच्याकडचा क्रम असा की आधी पाळक घेतो, मग पंच, मग मंडळी. पाळकसाहेबांनी ताट उचललं आणि सरळ पहिल्या रांगेकडं निघाले.

"क्रम चुकतोय," हेडमास्तर हळूच म्हणाले.

"आज मी शेवटी, सर," पाळकसाहेब म्हणाले आणि चालत राहिले.

हेडमास्तर प्याले घेऊन त्यांच्यामागं. चर्चसारखा गुडघे टेकायचा कठडा नाही, त्यामुळे कोण कुठं गुडघे टेकणार याचा मेळ नव्हता. लोक आपापल्या सतरंजीवरच गुडघ्यावर आले. आजोबांना खाली बसणं जमेना. "उभ्यानं चालंल का, मास्तर?" त्यांनी विचारलं. चर्चमध्ये कुणी उभ्यानं घेतलं असतं तर हेडमास्तरांनी त्याला घरी पाठवलं असतं. इथं ते म्हणाले, "चालेल. मलाही वाकता येत नाही." आजोबांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत तो तुकडा घेतला. एवढ्या वर्षांनी घेत होते. चेष्टा-मस्करी सगळी बंद झाली होती.

ताट रिकामं होत चाललं तशी मी उरलेल्या रांगा मोजायला लागले. शेवटच्या रांगेपर्यंत पुरलं, हेडमास्तरांना आणि मलाही. ताटात एक तुकडा राहिला. तो पाळकसाहेबांचा.

त्याच वेळी जिन्यावर बुटांचा आवाज आला. कंपनीचा ॲप्रन घातलेली, सेफ्टी शूज घातलेली एक पोरगी दारात येऊन थांबली. काही कंपन्या गुरुवारीही चालू असतात. रात्रपाळीनंतर हिला ओव्हरटाइमला थांबवून घेतलेलं, तिथून तशीच आलेली. आत सगळं शांत बघून ती ओशाळली. "झालं का?" तिनं विचारलं.

"नाही, ये ना," पाळकसाहेब म्हणाले आणि दारापर्यंत जाऊन तो तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं बूट काढायला वाकायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "राहू दे, राहू दे."

हेडमास्तर प्याला घेऊन तिच्यापाशी गेले. मग परत येऊन त्यांनी ताटात पाहिलं. बारीक आवाजात बोलायचा प्रयत्न केला, पण आयुष्यभर वर्गात बोललेला माणूस. सगळ्यांना ऐकू आलं. "आणि तुम्ही?"

"पुढच्या वेळी, सर."

"असं कसं पुढच्या वेळी? मी पाव आणतो खालून."

"मग सगळी प्रार्थना पहिल्यापासून घ्यावी लागेल. नळाला पाणी आहे तोवर या बायांना घरी पोचायचंय. आज धुण्याचा दिवस आहे." आणि त्यांनी शेवटचं गीत सुरू केलं. तेही जरा वरच्या सुरात, कारण पेटीवाला पोरगा कामावर होता.

मला इतक्या वर्षांत बरीच प्रवचनं ऐकायला मिळाली आहेत, आणि विश्वासाबद्दल बोलणारे लोक मी थोडे जपूनच घेते. कंपनीत गुणवत्तेवर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस बहुतेक वेळा माल न तपासता सोडतो. त्या दिवशी कुणी विश्वासाबद्दल बोललं नाही. एका माणसानं स्वतःचा घास दिला आणि धुण्याच्या पाण्याची काळजी केली. मला तेवढं पुरलं. टेबलावर हात आपटणारा माणूस पाहिजे, हे मी त्यानंतर म्हटलेलं नाही.

पुढच्या सभेत मी पुन्हा तयारी करून गेले, पण माझा कागद मला उघडावा लागला नाही. हेडमास्तरच आधी उठले.

"मी चिखलीला जाऊन आलो," ते म्हणाले. "तिथं क्रम नाही, कठडा नाही, पंखा नाही. जिना तर पडायला आलेला आहे. तो आधी दुरुस्त करा. पण एक सांगतो. आजवर मी पाहिलेले सगळे पाळक आधी जेवायचे. उपाशी राहिलेला मी पहिल्यांदा पाहिला."

"म्हणजे ठराव काय, सर?" मी विचारलं. मला इतिवृत्तात काहीतरी ठोस लिहायचं होतं.

"लिहा. गुरुवारी दर महिन्याला प्रभुभोजन. ते घेणारा आणि रविवारी घेणारा यात फरक नाही, जागेच्या बाबतीतही नाही. जागा कमी पडली तर सगळ्यांना सारखी कमी पडेल. आणि दफनभूमीचं गवत काढायला गुरुवारच्या लोकांनीही यायचं. फुकट काही नाही."

एका पंचानं कुरकुर केली. "सर, मागच्या वेळी तर तुम्हीच म्हणत होता..."

"मागच्या वेळी मी गेलो नव्हतो," हेडमास्तर म्हणाले आणि खाली बसले. विरोधात हात वर झाले, नाही असं नाही. पण कमी झाले.

निरोप सांगायला पाळकसाहेब आणि मी आजोबांच्या खोलीवर गेलो. एका खोलीचं घर, दाराबाहेर चपलांचा ढीग. आजोबा खाली बसून शेंगा फोडत होते आणि नातू फोडलेल्या शेंगा तिथंच खात होता. मी ठराव वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला, विशेषतः "यात फरक नाही" हे शब्द.

"म्हणजे माझी स्वतःची?" त्यांनी विचारलं.

"तुमची स्वतःची," पाळकसाहेब म्हणाले.

आजोबांनी हातातली शेंग फोडली, दाणे नातवाच्या हातावर ठेवले आणि पाठ भिंतीला टेकली.

"मग आता घाई न्हाई," ते म्हणाले. "सूनबाई, च्या टाक. आणि साहेब, गवत कधी काढायचं ते सांगा. बसून काढतो मी."